रानातला न झोपणारा मुकादम

वाटेवर दोरी ताणून तिला बंदूक जोडायची, ही शिकाऱ्यांची जुनी युक्ती. अमेरिकेतील जॉर्ज शिरास या शिकाऱ्याने त्या दोरीला बंदुकीऐवजी कॅमेरा जोडला. मिशिगनच्या रानात रात्री हरणाचा धक्का दोरीला लागे, उजेडाचा भडका उडे आणि हरिण आपलेच चित्र काढून जाई! त्याची ७४ छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्रफिक’ने छापली.

श्रोतेहो, आता दोरी गेली. झाडावरची पेटी उष्ण अंगाची हालचाल ओळखते, डोळ्यांस न दिसणाऱ्या उजेडात चित्र घेते आणि आतल्या सिमकार्डाच्या बळावर मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत दूरच्या शिकाऱ्याच्या फोनवर धाडते. पूर्वी चित्रांसाठी रान तुडवावे लागे. माणसाच्या वासाने सावजही बिचके. आम्हां कामगार चळवळीतल्यांना मात्र ही पेटी पाहून मुकादमच आठवतो, आणि आम्ही सावजाच्या बाजूने विचार करू लागतो.

कोरड्या ॲरिझोनात पाणवठे मोजके. तिथेच कॅमेऱ्यांची गर्दी झाली. तहानलेल्या जनावराने जावे कुठे? अखेर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास त्या राज्याने बंदी केली. सावजाला निसटण्याची संधी हवी, हा शिकाऱ्यांचाच जुना दंडक त्यामागे होता.