शर्यतीचे नियम कोण लिहितं?

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. नशिराबादजवळच्या एका मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि जाळाभोवती बसलेल्या मंडळींचे आपोआप दोन गट पडले होते. एका गटात मामा आणि त्यांच्या वयाचे शेतकरी. त्यांचा विषय बैलगाडा शर्यत. १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात या शर्यतींना अटी घालून परवानगी दिली होती. दुसऱ्या गटात इंजिनिअरिंग शिकणारे भाचे. त्यांचा विषय फॉर्म्युला वन. १२ डिसेंबरला अबुधाबीत मोटारींची वर्षातली शेवटची शर्यत झाली होती आणि तिच्या निकालावरून जगभर रण माजलं होतं.

“नियम एकदा ठरला की ठरला. मध्येच बदलायचा नसतो,” एक भाचा तावातावाने म्हणाला. त्यावर मामा हसून म्हणाले, “अरे भाऊ, आमचा नियम दहा वर्षांत किती वेळा बदलला, मोज बरं.”

आम्ही दोन्ही गटांच्या मधोमध बसलो होतो. पेशाने विज्ञानातले असल्यामुळे आमचं लक्ष ‘नियम’ या शब्दावर अडकलं. वर्गात आपण न्यूटनचे नियम शिकवतो आणि मैदानावर कबड्डीचे नियम. शब्द एकच, पण वस्तू दोन. न्यूटनचा नियम शोधावा लागतो, तो कुणाच्या मताने बदलत नाही. कबड्डीचा नियम माणसं करतात आणि माणसंच बदलतात. मोटारींच्या शर्यतीत हे दोन्ही प्रकारचे नियम समोरासमोर येतात, म्हणून तिचा इतिहास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे.

पहिल्याच स्पर्धेत पहिला वाद

मोटारींची पहिली मोठी स्पर्धा २२ जुलै १८९४ रोजी फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ या सुमारे १२६ किलोमीटरच्या रस्त्यावर झाली. ती ‘ल पेती जुर्नाल’ या वृत्तपत्राने भरवली होती. बक्षिसाची अट अशी होती की गाडी धोकादायक नसावी, चालवायला सोपी असावी आणि प्रवासाचा खर्च कमी यावा. सर्वांत आधी रूआँला पोचली काउंट द दिआँ यांची वाफेवर चालणारी गाडी. पण पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही! तिच्यात कोळसा घालायला वेगळा माणूस लागत होता, म्हणजे ती ‘चालवायला सोपी’ नव्हती. पहिलं बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या प्यूजो आणि पान्हार-लव्हासोर या कंपन्यांच्या गाड्यांना विभागून दिलं गेलं. सर्वांत आधी पोचणारा जिंकतो, ही समजूतसुद्धा एक नियमच आहे. तो कुणीतरी आधी मान्य करावा लागतो.

यानंतर वेग वाढत गेला, पण नियम मागे राहिले. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली. रस्ता साधा, कडेला प्रेक्षकांची दाटी आणि समोर धुळीचे लोट. पहिल्याच टप्प्यात इतके अपघात झाले की सरकारने ती बोर्दो इथे थांबवली. मृतांमध्ये रेनॉ कंपनी उभारणाऱ्या भावांपैकी मार्सेल रेनॉही होते. पुढे ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्येच ल मान्सच्या शर्यतीत एक मोटार उडून गर्दीत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली. त्यांतले जवळजवळ सगळे प्रेक्षक होते. या अपघातानंतर स्वित्झर्लंडने तर अशा शर्यतींवर बंदीच घातली.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. चालकाने धोका स्वतः पत्करलेला असतो. कठड्याशी उभ्या असलेल्या प्रेक्षकाने तो तितक्या जाणतेपणी पत्करलेला नसतो. नियम नसण्याची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न इथून पुढे सतत आपल्यासोबत राहील.

निसर्गाचा नियम पळवाट देत नाही

आता थोडं फळ्याकडे वळू. वळणावर गाडीला आत खेचणारं अभिकेंद्री बल लागतं. ते वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या इतकं असतं. सपाट रस्त्यावर हे बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून येतं. घर्षणाची कमाल मर्यादा म्हणजे घर्षणांक गुणिले गाडी रस्त्यावर ज्या बलाने दाबली जाते ते बल. साध्या गाडीत हे दाबणारं बल म्हणजे तिचं वजन. दोन्ही बाजू समान मांडल्या की वस्तुमान निघून जातं आणि एवढंच उरतं : वेगाचा वर्ग बरोबर घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या. घर्षणांक १ आणि त्रिज्या १०० मीटर धरली, तर वळणावरचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटर येतो. मोठं इंजिन बसवून हा आकडा वाढत नाही.

मग वाढवायचा कसा? वजन न वाढवता गाडी रस्त्यावर दाबायची. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर उलटे पंख दिसू लागले. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो, आणि वेग वाढेल तसा जास्त दाबतो. पंख जितका उंच, तितकी स्वच्छ हवा. म्हणून बारीक दांड्यांवर उंच पंख उभारले गेले. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे पंख मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. लगेच पुढच्या, मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. नंतर उंची ठरवून, पक्के बसवलेले पंख चालतील असं ठरलं.

नियमकर्त्यांनी गाडीच्या वरची वाट अरुंद केली, तेव्हा कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने गाडीच्या खाली पाहिलं. गाडीचा तळ असा वळवायचा की खालून जाणारी हवा चिंचोळ्या जागेतून वेगाने जावी. वेग वाढला की दाब कमी होतो, हे बर्नुलीचं तत्त्व आपण दोन कागदांच्या मध्ये फुंकर मारून दाखवतो. कडेने हवा आत शिरू नये म्हणून गाडीला झालरी लावल्या. या युक्तीवर मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा जगज्जेता झाला. त्याच वर्षी ब्रॅबम संघाने गाडीच्या मागे चक्क मोठा पंखा बसवला. तो इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असं संघ सांगे. पण खालची हवा ओढून तो गाडी रस्त्याला चिकटवत होता. निकी लाउडाने स्वीडनची शर्यत त्या गाडीवर जिंकली. ती गाडी पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही.

झालरींचा धोका वेगळाच होता. झालर अडकली किंवा तुटली की दाबणारं बल क्षणात नाहीसं होई, आणि गाडी त्या वेळी ऐन वळणावर असे. अखेर १९८३ पासून तळ सपाट असण्याचं बंधन आलं. गंमत म्हणजे २०२२ मध्ये हीच युक्ती नियमांनीच परत आणली. कारण गाड्यांच्या वरच्या पंखांमुळे मागे इतकी खवळलेली हवा राहत होती की मागच्या गाडीला पुढच्या गाडीजवळ जाणं कठीण झालं होतं. बर्नुली तोच राहिला, माणसांची गरज बदलली.

बेरीज बदलली की विजेता बदलतो

गणिताच्या शिक्षकांसाठी १९८८ सालचं उदाहरण सोन्यासारखं आहे. एकाच मॅक्लॅरेन संघाचे दोन चालक, आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्ट. शर्यती १६, आणि पहिल्या सहा जणांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २, १ असे गुण. प्रॉस्ट सात वेळा पहिला आणि सात वेळा दुसरा आला, एकूण १०५ गुण. सेना आठ वेळा पहिला, तीन वेळा दुसरा, एकदा चौथा आणि एकदा सहावा, एकूण ९४ गुण. जगज्जेता कोण? सेना! कारण त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या फक्त उत्तम ११ शर्यती धरल्या जात. मुलांना बेरीज करू द्या : सेनाचे ९० होतात, प्रॉस्टचे ८७.

हा नियम अन्याय्य होता का? त्यामागे विचार होता. त्या काळी गाड्या वारंवार बंद पडत. यंत्राच्या दोषाची शिक्षा चालकाला होऊ नये आणि त्याने जिंकण्यासाठी धोका पत्करावा, दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानू नये, हा हेतू. १९९१ पासून सगळ्या शर्यती धरल्या जाऊ लागल्या. २०१० पासून पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण मिळतात. त्या हिशोबाने प्रॉस्टचे ३०१ गुण होतात आणि सेना बराच मागे राहतो. मात्र इथे मुलांना सावध करायला हवं. नियम वेगळा असता, तर दोघांनी गाड्याही वेगळ्या चालवल्या असत्या. जुन्या खेळाला नवा नियम लावून काढलेलं उत्तर ही फक्त बेरीज असते.

एका शब्दाची किंमत

आता त्या भाच्यांच्या वादाकडे येऊ. अबुधाबीच्या शर्यतीआधी लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण अगदी सारखे होते, प्रत्येकी ३६९.५. शर्यतीत हॅमिल्टन पुढे होता. थोडेच फेरे उरले असताना एक गाडी आदळली, आणि सगळ्यांचा वेग आवरण्यासाठी ‘सेफ्टी कार’ पुढे आणली गेली. व्हर्स्टापेनने तेवढ्यात नवे टायर चढवले, पण त्याच्या आणि हॅमिल्टनच्या मध्ये एक फेरा मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. अशा गाड्यांना पुढे काढून द्यायची तरतूद नियमात होती. शर्यतीचे संचालक मायकल मासी यांनी फक्त या पाचांनाच पुढे जाऊ दिलं, बाकीच्या मागे पडलेल्या गाड्या तशाच राहिल्या. शेवटचा एकच फेरा उरला. नव्या टायरांवरच्या व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला गाठलं आणि तो जगज्जेता झाला.

नियमातला इंग्रजी शब्द होता ‘एनी’. त्याचा अर्थ ‘कोणत्याही’ म्हणजे ‘काही निवडक’, की ‘ज्या ज्या असतील त्या सगळ्या’? निकाल कायम राहिला, पण मासी यांना पदावरून दूर केलं गेलं, आणि २०२२ च्या नियमांत ‘एनी’च्या जागी ‘ऑल’ म्हणजे ‘सर्व’ हा शब्द आला. व्याकरणाचा तास कशासाठी, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

बैलाची बाजू

आणि मामांचा नियम? जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवता किंवा दाखवता येत नाही अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बेकायदा ठरवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. डिसेंबर २०२१ मध्ये ती वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या शर्यतींतही नियम खेळाच्या स्वरूपातून येतात. पुणे जिल्ह्यातल्या घाटात एका वेळी एकच गाडा धावतो आणि सेकंद मोजले जातात. तिथे ‘आडवा आला’ ही तक्रार उद्भवतच नाही. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात, म्हणून तिथे पट्टी सोडण्यावरून वाद होतात. फॉर्म्युला वनमध्येही पात्रता फेरीत वेळ मोजली जाते आणि मुख्य शर्यतीत सगळ्या गाड्या एकदम सुटतात.

पण एक फरक मूळचा आहे. २०१७ च्या राज्याच्या नियमांत धाव १००० मीटरपेक्षा जास्त नसावी, जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी, आणि काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारं साधन वापरू नये, अशी बंधनं आहेत. क्रूरतेसाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठरवलेली आहे. मोटारीच्या नियमात इंजिनाला मर्यादा असते, इंजिनाला वेदना नसते. चालक नियमाविरुद्ध बोलू शकतो आणि चुकलो असं कबूलही करू शकतो. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ नावाची धातूची कमान सक्तीची झाली. ती कुरूप दिसते म्हणून रसिकांनी नाकं मुरडली, चालक रोमँ ग्रोझाँनेही विरोध केला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये बहारीनला त्याची गाडी कठडा फोडून पेटली, आणि त्या कमानीमुळे तो वाचला. मग त्याने आपलं मत बदलल्याचं जाहीरपणे सांगितलं. बैलाला ही सोय नाही. त्याची बाजू नियमानेच मांडायची असते आणि शर्यतीच्या दिवशी मैदानावरच्या माणसांनी पाळायची असते.

हे आम्ही त्या दिवशी मळ्यात बोललो, तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चाबूक नको हे बरोबर आहे. पण ते बघायला माणूस उभा पाहिजे ना.” भाच्यांनाही ते पटलं. नियम कागदावर लिहिणं हे निम्मंच काम असतं.

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. मुलांना खो-खो, कबड्डी किंवा लंगडीचे नियम लिहायला सांगा. प्रत्येक नियमापुढे तीन प्रश्न : हा नसता तर कुणी कोणती चलाखी केली असती? इजा कुणाला झाली असती? आणि तो पाळला गेला की नाही हे कोण पाहणार? मग एकच नियम बदलून खेळ खेळायला लावा, पण त्याआधी काय घडेल याचा अंदाज वहीत लिहून घ्या. आमचा अनुभव असा, की अंदाज बहुधा चुकतो, आणि पुढचा अर्धा तास मुलं शिक्षकांना बोलूच देत नाहीत.