नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन : अमेरिकेतील सहयोगी पदवीसाठी महाविद्यालयाची निवड

अमेरिकेत शालेय शिक्षणानंतर दोन वर्षांत, साधारणतः ६० श्रेयांक पूर्ण केल्यावर असोसिएट डिग्री अर्थात सहयोगी पदवी मिळते. वने, वन्यजीव, मत्स्यसंपदा, मृदा आणि जल यांच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणारा नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन हा विषय या पदवीसाठी तेथील अनेक सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, शिकवला जातो. चार वर्षांच्या विद्यापीठीय शिक्षणाच्या तुलनेत खर्च कमी आणि प्रवेश सुलभ असल्याने भारतीय विद्यार्थ्यांसमोरही हा पर्याय येतो. मात्र एकाच नावाचे दोन अभ्यासक्रम विद्यार्थ्याला अगदी वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडू शकतात. म्हणूनच महाविद्यालयाच्या नावाआधी पदवीचा प्रकार पाहणे आवश्यक ठरते.

असोसिएट ऑफ सायन्स ही पदवी मुख्यत्वे पुढे विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी असते. तिच्यात रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित वा संख्याशास्त्र यांवर भर असतो. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही पदवी थेट नोकरीसाठी तयार करणारी असते. तिच्यात जमिनीची मोजणी, झाडांची उंची व घेर मोजून लाकूडसाठ्याचा अंदाज, नकाशे व जीआयएस, यांत्रिक करवतीचा सुरक्षित वापर अशी कामे शिकवली जातात. या दुसऱ्या प्रकारचे श्रेयांक विद्यापीठे अनेकदा केवळ ऐच्छिक म्हणून स्वीकारतात आणि मुख्य विषयाची पायाभूत प्रश्नपत्रिका पुन्हा देणे भाग पडते. दोन वर्षे वाचवण्यासाठी निवडलेला मार्ग अशा वेळी पाच वर्षांचा होतो. माहितीपत्रकातील ‘श्रेयांक हस्तांतरणीय’ या शब्दांवर विसंबून न राहता, कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या पदवीच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळेल, हे नमूद करणारा लेखी करार महाविद्यालयाकडून मागून घ्यावा. असा करार दाखवता न येणाऱ्या संस्थेचे आश्वासन फारसे मोलाचे नाही.

दुसरा निकष प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक प्रदेशात वानाकेना येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या रेंजर स्कूलमध्ये विद्यार्थी एक वर्ष सर्वसाधारण विषय अन्यत्र पूर्ण करून येतात आणि पुढचे वर्ष जंगलालगतच्या निवासी परिसरात राहून शिकतात. ओरेगॉनमधील माउंट हूड कम्युनिटी कॉलेजच्या मत्स्यव्यवसाय अभ्यासक्रमासाठी परिसरातच मत्स्यबीज केंद्र आहे. मिनेसोटातील ईली हे गाव बाउंडरी वॉटर्स या संरक्षित सरोवरप्रदेशाच्या वेशीवर वसले असून तेथील व्हर्मिलियन कम्युनिटी कॉलेज २०२२ मध्ये अन्य चार महाविद्यालयांसह मिनेसोटा नॉर्थ कॉलेजमध्ये विलीन झाले. जुन्या याद्यांतून महाविद्यालय शोधणाऱ्यांनी असे बदल ध्यानात घ्यावेत. आठवड्यातील किती तास मैदानी कामात जातात, ते काम कोणत्या जमिनीवर होते आणि उन्हाळी प्रशिक्षण पदवीत अंतर्भूत आहे का, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. जंगलाजवळचे महाविद्यालय बहुधा बससेवेपासूनही दूर असते, आणि अनेक सामुदायिक महाविद्यालयांना वसतिगृह नसते, ही बाब घरून निघण्यापूर्वी लक्षात आलेली बरी.

संस्थेला मान्यताप्राप्त अधिस्वीकृती मंडळाची मान्यता असणे अनिवार्य समजावे. तिच्याविना श्रेयांक अन्यत्र ग्राह्य धरले जाण्याची शक्यता फारच कमी असते. शिवाय १९०० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्स ही व्यावसायिक संघटना वन तंत्रज्ञानाच्या काही सहयोगी अभ्यासक्रमांना स्वतंत्र मान्यता देते. ती असल्यास उत्तम, मात्र वन्यजीव वा जलसंधारणाकडे वळणाऱ्यांना तिची तितकी गरज नाही.

अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ आणि ‘कॉलेज नेव्हिगेटर’ या संकेतस्थळांवर शुल्क व पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाहता येते. पदवीपूर्तीचा प्रचलित दर प्रथमच प्रवेश घेतलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांपुरता असतो आणि पदवी न घेता विद्यापीठात गेलेल्यांची नोंद वेगळी असते. त्यामुळे हा दर एकट्याने वाचू नये. शुल्काच्या रकान्यात स्थानिक रहिवाशांसाठीचा आकडा ठळक असतो. परदेशी विद्यार्थ्याला बहुधा सर्वाधिक दर लागू होतो.

रोजगाराचा मुद्दा भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कळीचा आहे. वन सेवा, राष्ट्रीय उद्यान सेवा यांसारख्या संघीय यंत्रणा या क्षेत्रातील मोठ्या नियोक्त्या आहेत. दोन वर्षांच्या संबंधित शिक्षणावर तेथे वन तंत्रज्ञाच्या जीएस-४ श्रेणीसाठी पात्रता मिळू शकते. परंतु संघीय नागरी सेवेतील स्पर्धात्मक पदे, अपवाद वगळता, अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. भारतीय विद्यार्थ्यासाठी ही वाट जवळपास बंदच समजावी. नागरिकांसाठीही ती अलीकडे अरुंद झाली आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वन सेवेने २०२५ या आर्थिक वर्षात अग्निशमन वगळता हंगामी भरती न करण्याचे जाहीर केले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांची मोठी कपात झाली. त्यातील अनेकांना नंतर आदेशान्वये परत घेण्यात आले.

उरतात त्या खासगी लाकूड कंपन्या, सर्वेक्षण व सल्लागार संस्था आणि भूसंवर्धन न्यास. एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यास पदवीनंतर १२ महिन्यांपर्यंत कामाची मुभा मिळू शकते. विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना मिळणारी २४ महिन्यांची मुदतवाढ मात्र स्नातक वा त्यावरील पदवीसाठीच आहे. यामुळे भारतीय विद्यार्थ्याने हस्तांतराचा मार्ग खुला ठेवणारीच पदवी निवडणे अधिक सयुक्तिक ठरते. संबंधित महाविद्यालयास परदेशी विद्यार्थ्यांसाठी आय-२० प्रपत्र देण्याची अनुमती आहे का, याचीही खातरजमा करावी.

भारतात परतण्याचा विचार असल्यास ही पदवी तीन वा चार वर्षांच्या स्नातक पदवीसमान नाही, हे स्पष्ट असावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार दोन वर्षांनंतर शिक्षण थांबवणाऱ्यास पदविका मिळते आणि सहयोगी पदवीची तुलना तिच्याशीच होऊ शकते. भारतीय वन सेवा परीक्षेसाठी विहित विषयांतील स्नातक पदवी आवश्यक आहे. ज्यांचे उद्दिष्ट ही परीक्षा आहे, त्यांच्यासाठी दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या वनशास्त्र महाविद्यालयांतील पदवी हा अधिक सरळ व अल्प खर्चाचा मार्ग आहे.