धारवाड आकाशवाणी आणि उस्तादांची तालीम

संस्थाने विलीन झाली आणि दरबारी गवय्यांचा आश्रय संपला, हे आपण इतिहासात वाचतो. पण त्यांची विद्या पुढे कोठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांत सापडते. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा हा जिल्हा मुंबई राज्यातच होता.

या केंद्रावरून कोण गात होते? मल्लिकार्जुन मन्सूर पुढे केंद्राचे संगीत सल्लागारही झाले. त्यांना तालीम मिळाली ती कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ यांचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून. गंगूबाई हनगल यांचे गुरू सवाई गंधर्व. ते मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखाँ यांचे शागीर्द. बीनकार बंदे अलीखाँ यांचे शिष्य सतारिये रहिमतखाँ यांनी तर धारवाडलाच घर केले. त्यांचे नातू बाळेखाँ यांची सतारही याच केंद्राने घरोघरी पोहोचवली.

त्याच काळात दिल्लीत वेगळा विचार चालू होता. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर हे नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केले. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीतला. मात्र मुसलमान उस्तादांनी ही विद्या घराण्यांत कोंडली, तिला धर्मापासून व शास्त्रापासून तोडले, असे त्यांचे मत होते. कलावंतांची श्रेणी ठरवण्यासाठी श्री. ना. रातंजनकर यांच्या नेतृत्वाखाली चाचण्या सुरू झाल्या. आयुष्यभर रियाज केलेल्या बुजुर्गांना परीक्षकांपुढे गाणे अपमानाचे वाटले. अनेकांनी विरोध केला.

केसकरांच्या आरोपात काहीच तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. काही उस्ताद चिजा राखून ठेवत, हे खरे आहे. त्याचबरोबर हेही पाहावे की मन्सूर हे लिंगायत आणि सवाई गंधर्व हे ब्राह्मण घरातले. विद्या फक्त घरात कोंडून ठेवली असती, तर धारवाड केंद्राला हे गवई मिळाले कोठून?

रेडिओनेही आपले काम केले. पूर्वी जे दिवाणखान्यातील निवडक लोक ऐकत, ते शेतकरी, शिक्षक, कारकून घरबसल्या ऐकू लागले. मैफलीबरोबर विरून जाणारे गाणे ध्वनिमुद्रणात टिकले.

आपल्या मुलांना आपण बादशहांची नावे पाठ करायला लावतो. मंजीखाँ, भुर्जीखाँ, रहिमतखाँ ही नावे मात्र त्यांच्या कानावर पडत नाहीत. या माणसांनी राज्य केले नाही. जे होते ते दुसऱ्याच्या मुलाला शिकवले. आपल्या वारशाचा हिशेब मांडताना त्यांना पहिल्या ओळीत जागा द्यायला हवी.