हार्ट अटॅकनंतर रक्तात सोडतात बुडबुडे : कॉन्ट्रास्ट इको म्हणजे काय?

शिवाजी पेठेत पाण्याची मुख्य लाइन दुरुस्त झाली, तरी गल्लीच्या टोकाला पाणी पोचलं का, हे तिथला नळ उघडल्याशिवाय कळत नाही. हार्ट अटॅकनंतरही तसंच. स्टेंट बसून मोठी रक्तवाहिनी उघडते, पण काही रुग्णांत हृदयाच्या स्नायूतल्या केशवाहिन्या बंदच राहतात. याला ‘नो-रिफ्लो’ म्हणतात.

साधा इको कुठं कमी पडतो?

छातीवरची चरबी किंवा फुगलेली फुप्फुसं आड आली, की इकोचं चित्र अंधूक येतं. दाट धुक्यात रंकाळ्याचा पलीकडचा काठ दिसू नये तसं. अशा वेळी कॉन्ट्रास्ट इको कामी येतो.

बुडबुडे करतात काय?

हाताच्या शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइडसारख्या वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. ते लाल रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान असल्यानं फुप्फुसं ओलांडून हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचतात आणि अल्ट्रासाउंडमध्ये चमकतात. १९६८ मध्ये रेमंड ग्रॅमिऍक आणि प्रवीण शहा यांनी या परिणामाची पहिली नोंद प्रसिद्ध केली.

यातून काय कळतं?

• रक्ताची गाठ : मोठ्या अटॅकनंतर हृदयाच्या टोकाशी गाठ धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. चमकत्या रक्तात ती काळी दिसते. सापडली तर रक्त पातळ करणारी औषधं देतात.

• पंपिंग : कप्प्याची कड स्पष्ट दिसल्यानं ‘ईएफ’चा आकडा अधिक नेमका येतो. अटॅकला ४० दिवस उलटूनही तो ३५ टक्के किंवा कमी असेल, तर झटका देऊन ठोके सुधारणारं ‘आयसीडी’ यंत्र बसवण्याचा विचार होतो.

• स्नायूचा रक्तपुरवठा : जोरदार ध्वनिलहरींनी बुडबुडे फोडतात. निरोगी स्नायूत ते सुमारे ५ सेकंदांत पुन्हा भरतात. काळा राहिलेला भाग म्हणजे तिथं रक्त नीट पोचत नाही. ही तपासणी मात्र सगळीकडे होत नाही.

धोका किती?

यात आयोडीन नसतं, किडनीवर भार येत नाही. वायू श्वासावाटे निघून जातो. गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, तरी आधीची कोणतीही ॲलर्जी डॉक्टरांना सांगावी.

इकोच्या रिपोर्टवर ‘पुअर विंडो’ लिहिलं असेल, तर चित्र नीट दिसलेलं नाही. ‘गाठ नाही’ हे खात्रीनं म्हणता येईल का, की कॉन्ट्रास्ट इको किंवा एमआरआय लागेल, हे घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावं.