आत किती जण आहेत?

बोदवड, जामनेर किंवा धरणगावच्या जिनिंगमध्ये काही हंगाम काढलेल्या माणसाला कापसाच्या आगीचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा येतो, रेच्यावर घासतो, ठिणगी उडते आणि रुईत शिरते. पाणी मारले की वरची ज्वाला विझते. पण गाठीच्या पोटातली आग तेवढ्याने विझत नाही. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी सहजासहजी झिरपत नाही. तंतूंच्या मधल्या फटीत अडकलेली थोडीशी हवा धुमसण्यापुरती मात्र पुरते. शिवाय कापूस हा उष्णतेचा मंदवाहक. आत तयार झालेली उष्णता बाहेर पडत नाही, बाहेरून हात लावला तर गाठ गार लागते. म्हणूनच आग लागलेल्या गाठी ओढून बाहेर काढणे, फोडणे आणि पुढे काही दिवस त्यांच्यावर नजर ठेवणे, एवढे सगळे केल्याशिवाय काम संपले असे जाणकार माणूस म्हणत नाही.

कापसाच्या या स्वभावाची सर्वांत मोठी किंमत आपल्या देशाने मुंबईच्या गोदीत मोजली. तारीख होती १४ एप्रिल १९४४.

फोर्ट स्टिकीन

'फोर्ट स्टिकीन' हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज होते. फेब्रुवारी १९४४मध्ये ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले, कराचीला थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत त्यात कापसाच्या सुमारे ८७०० गाठी भरण्यात आल्या. भरीला लाकूड, भंगार लोखंड आणि वंगणाचे तेलही होते. एरवी कोणी जवळजवळ ठेवणार नाही असा हा माल युद्धाच्या निकडीपायी एकाच पोटात कोंबला गेला.

१४ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या तळघरातून, म्हणजे जहाजाच्या ज्या पोकळीत माल भरतात तिथून, धूर येताना दिसला. मुंबई अग्निशमन दलाचे बंब आले. पुढे एकूण ३२ नळांनी ९०० टनांहून अधिक पाणी त्या पोकळीत ओतले गेले. तरीही दाट धुरामुळे आगीचे नेमके ठिकाण सापडेना. जहाजाच्या पोलादी बाजूवरचा रंग एका जागी उष्णतेने फुगू लागला, तेव्हा आग त्या पत्र्यापलीकडे असल्याचे उमगले. तिथवर पाणी पोहोचवायचे कसे, हा प्रश्न तरीही सुटला नाही.

इथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आड आला. कापसाची गाठ कितीही दाबलेली असली तरी पाण्यापेक्षा हलकी असते. पाण्याची पातळी चढू लागली की वरच्या बाजूने धुमसणारी गाठ पाण्याबरोबर वर सरकते. आगीला बुडवण्यासाठी ओतलेले पाणी अशा वेळी आगीलाच उचलून धरते, आणि त्या पोकळीत कापसाच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सुमारे १७०० किलोमीटर दूर असलेल्या सिमल्यातील भूकंपमापकांवरही हादऱ्याची नोंद झाली. मृतांचा आकडा ८०० ते १३०० असा वेगवेगळा दिला जातो. अग्निशमन दलापुरता आकडा मात्र निश्चित आहे. ६६ जवान व अधिकारी मृत्यू पावले, ८३ जखमी झाले.

दोन प्रश्न

ही हकीगत बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने तिच्याकडे आणखी एका नजरेने पाहायला हवे. आगीच्या जागी काम करणाऱ्या प्रमुखाला दोन प्रश्नांची उत्तरे सतत हाताशी लागतात. आत काय आहे? आणि आत कोण आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या दुपारी मिळाले होते. जहाजात स्फोटके आहेत हे अधिकाऱ्यांना कळले होते. अडचण पुढच्या पायरीवर आली. जहाज जागच्या जागी बुडवावे, गोदीबाहेर समुद्रात न्यावे की पाणी मारत राहावे, यावर चर्चा होत राहिली. धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, गोदीचे व्यवस्थापक होते, स्फोटकांचे लष्करी जाणकार होते आणि अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्सही होते. प्रत्येकाकडे ज्ञानाचा एकेक तुकडा होता, सर्वांना बांधील असा अंतिम शब्द कोणाचाच नव्हता. गोदीत एकसूत्री अधिकार नव्हता हे पुढे चौकशी आयोगाच्याही नजरेस आले.

दुसऱ्या प्रश्नाशी हीच गोष्ट जोडलेली आहे. धोका किती हे ठरले नाही, म्हणजे धोक्याच्या कक्षेत किती माणसे ठेवायची हेही ठरत नाही. ३२ नळ म्हणजे ते धरणारी, सरकवणारी आणि त्यांच्यावर देखरेख करणारी कितीतरी माणसे आली. आग विझवण्याची आशा कोणत्या क्षणी सोडायची आणि माणसे मागे घ्यायची, हा निर्णय जेवढा लांबला तेवढी ती माणसे तिथेच उभी राहिली.

बिल्ला आणि फळा

सहलीला निघालेल्या बसमध्ये आपण मुले मोजतो. परतीच्या वेळी पुन्हा मोजतो. आगीच्या जागी हाच हिशेब पद्धतशीरपणे ठेवण्याची कल्पना जगभरात अनेक मृत्यूंनंतर रुजली.

२३ जानेवारी १९५८ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराला आग लागली. खाली तळघरांचे चक्रव्यूहासारखे जाळे होते आणि त्यात दाट धूर भरला होता. श्वसनयंत्र लावून आत गेलेल्या जवानांपैकी जॅक फोर्ट-वेल्स आणि रिचर्ड स्टॉकिंग हे दोघे परत आलेच नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये श्वसनयंत्राबरोबर बिल्ला सक्तीचा झाला. आत जाणारा जवान आपल्या नावाचा बिल्ला दारापाशी उभ्या असलेल्या नियंत्रकाकडे देतो. नियंत्रक तो फळ्यावर अडकवतो आणि शेजारी दोन गोष्टी लिहितो. आत शिरल्याची वेळ आणि टाकीतील हवेचा दाब. जवान बाहेर आला की बिल्ला परत घेतो. फळ्यावर उरलेला बिल्ला म्हणजे आत उरलेला माणूस.

या फळ्यावरचे गणित आठवीच्या वर्गात सहज करता येईल. टाकीची क्षमता ९ लिटर आणि हवेचा दाब वातावरणाच्या २०० पट असेल, तर बॉईलच्या नियमानुसार सुमारे ९ × २०० = १८०० लिटर हवा मिळते. कष्टाच्या कामात मिनिटाला सुमारे ४० लिटर हवा लागते असे धरले, तर १८०० ÷ ४० = ४५ मिनिटे. यातली १० मिनिटांची हवा अडीअडचणीसाठी राखून ठेवायची. म्हणजे जवान ३५ मिनिटांनी बाहेर असायला हवा. तो २ वाजून १० मिनिटांनी आत गेला असेल, तर पावणेतीनला नियंत्रकाची नजर दाराकडे लागलीच पाहिजे. तो आला नाही, तर शोध लगेच सुरू होतो. घाबरलेला किंवा जड ओझे वाहणारा माणूस अधिक हवा ओढतो, म्हणून दाब मधून मधून पाहावा लागतो. या बिल्ल्याच्या जोडीला पुढे एक छोटे यंत्र आले. जवान अर्धा मिनिटभर हलला नाही, तर ते कर्कश आवाजात ओरडू लागते.

फळा शोधकर्त्यांनाही वाचवतो. ३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील वूस्टर शहरात एका रिकाम्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसे असावीत या समजुतीने जवान शिरले. त्यांतील दोघे धुरात वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघे परतले नाहीत. शेवटी दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने, माइक मॅकनमी यांनी, आणखी कोणी आत जायचे नाही असे सांगून मागच्यांना अडवले. सहकारी आत असताना हा शब्द उच्चारणे फार कठीण असते. पण आकडा सहावर थांबला तो त्या शब्दामुळे.

मुंबईत पुन्हा

९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला आग लागली आणि आग विझवण्याचे काम चालू असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचे त्याच महिन्यात रुग्णालयात निधन झाले. हवेच्या टाकीसारखी इमारतीचीही मुदत असते, हे या घटनेने शिकवले. लाकडी तुळई जळून बारीक होत जाते. पोलाद ५५०-६०० अंश सेल्सिअसला आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावते. पण इमारतीला दाबमापक नसतो. भिंतीला पडलेली भेग, कललेला खांब, करकर आवाज एवढेच तिचे काटे. ते वाचण्यासाठी बाहेर थांबलेला एक माणूस लागतो, आणि त्याने हाक दिली की सर्वांनी बाहेर यायचे असते.

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात १९४४च्या जवानांचे स्मारक आहे. त्यांच्या स्मृतीसाठी १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असल्याने त्या दिवशी शाळांना सुटी असते, त्यामुळे हा दिन वर्गात क्वचितच पोहोचतो. सप्ताहातला दुसरा एखादा दिवस मात्र आपल्या हाती आहे. त्या दिवशी आगाऊ सूचना देऊन शाळेची घंटा वाजवावी, सर्व वर्ग मैदानावर आणावेत आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने हजेरीपट पाहून आपला आकडा सांगावा. त्याआधी एका विद्यार्थ्याला, मुख्याध्यापकांना सांगून, प्रयोगशाळेत बसवून ठेवावे. तो कमी आहे हे कळायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहावे आणि तो आकडा फळ्यावर लिहावा.