‘दृष्टिकोन’ मोजण्याआधी: नर्स, रक्त आणि हातमोजे

समजा, तुमचा विषय ठरला आहे: ‘रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाच्या रुग्णांची शुश्रूषा करण्याविषयी परिचारिकांचा दृष्टिकोन’. क्षेत्र गडचिरोली जिल्ह्यातला मुलचेरा तालुका. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तुम्ही बहुधा लिहाल, ‘परिचारिकांमध्ये भीती व गैरसमज आढळतात’. गाईडही मान डोलावतील. थोडं थांबा. ही भीती कुठून आली हे न बघता ती पाच गुणांच्या पट्टीवर मोजलीत, तर आकडे मिळतील, पण ते कशाचे आकडे आहेत हे सांगता येणार नाही.

आधी हातमोजे. 1889-90 च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या नर्सचे हात जंतुनाशक पाऱ्याच्या द्रावणाने सोलवटून निघत होते. तिच्यासाठी सर्जन हॅलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. म्हणजे तिथे हातमोजा आला तो नर्सचे हात वाचवायला. (पुढे दोघांनी लग्न केलं, त्यामुळे ही गोष्ट प्रेमकथा म्हणूनच जास्त सांगितली जाते. आपल्याला तिचा उपयोग वेगळा आहे.)

आता थेट 1980 च्या दशकात या. 1984 च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या एका नर्सला सुई टोचून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची नोंद छापून आली. तोपर्यंतची रीत अशी, की ज्याला आजार आहे असं माहीत आहे, त्याच्याच बाबतीत काळजी घ्यायची. 1987 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने ती उलटवली: कोणाचंही रक्त संसर्गजन्य आहे असंच समजून काम करा, मग रुग्ण कोण आहे हे माहीत असण्याची गरजच उरत नाही. यालाच सार्वत्रिक दक्षता म्हणतात. वाचायला साधं वाटतं. पण यात हातमोजे, सुया, सुई टाकायचा डबा हे सगळं प्रत्येक रुग्णासाठी हवं. म्हणजे हा विचार खरेदी विभागातून जातो.

आपल्याकडे मात्र जुनीच रीत कायद्यात बसली होती. गोव्याच्या 1985 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्हीबाधितांना अलग ठेवण्याची तरतूद घातली गेली. 1989 मध्ये पर्रा गावच्या डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. तो नियमित रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीतूनच त्याचं नाव पुढे आलं होतं. म्हापशातल्या बंद पडलेल्या क्षयरोग आरोग्यधामात त्याला 64 दिवस ठेवलं. आई ल्यूसी डिसूझा उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद रद्द केली नाही. 1992 मध्ये तो वारला.

सार्वत्रिक दक्षतेचं मार्गदर्शन दोन वर्षं आधीच छापून झालं होतं, हे लक्षात घ्या. सरकारच रुग्णाला कुलपात ठेवत असेल, तर वॉर्डातल्या सिस्टरने त्याच्या केसपेपरवर लाल खूण केली यात नवल काय? आधी तपासा, मग खूण करा, मग जपून वागा, ही साखळी तिने घरून आणलेली नाही. माझ्या मते, प्रश्नावल्या जिला ‘गैरसमज’ म्हणतात ती पुष्कळदा संस्थेने दिलेली शिकवण असते.

त्या शिकवणीत आणखी एक गोची आहे. बाधित रुग्णाची सुई एकदा टोचली, तर एचआयव्ही होण्याचा धोका साधारण 0.3 टक्के. लस न घेतलेल्या नर्सला हिपॅटायटिस बीचा धोका 6 ते 30 टक्के. हिपॅटायटिस बीची लस 1981 पासून आहे. तरी खूण केली जाते एचआयव्हीची, आणि लशीचे तीन डोस पूर्ण झाले का, हे विचारायचं राहून जातं.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. भेदभावाला त्यात बंदी आहे, हे तुम्ही वाचलं असेल. त्याच कायद्याचं कलम 19 कमी वाचलं जातं: जिथे संसर्गाचा धोका आहे, त्या संस्थेने कर्मचाऱ्यांना दक्षतेचं साहित्य, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध द्यायचं आहे. हे औषध 72 तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं.

आता परत मुलचेऱ्याला या. इथे माडिया-गोंड गावं आहेत, पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांची गावं आहेत, आणि मध्ये जंगल. नर्सबाई मराठी बोलणार, बाळंतीण बंगाली किंवा माडिया. सिकलसेल या भागात बराच, म्हणजे रक्त देण्याचे प्रसंगही येणार. उपकेंद्रातल्या एएनएमला रात्री सुई टोचली तर ते औषध कुठे आहे, तिथवर गाडी कोण नेणार, हे तिला ठाऊक असतं किंवा नसतं. ‘मला अशा रुग्णाची भीती वाटते’ या वाक्यापुढे ती ‘पूर्ण सहमत’वर खूण करेल तेव्हा त्यात रुग्ण किती आणि रस्ता किती, हे तुमची पट्टी वेगळं करू शकत नाही.

म्हणून प्रश्नावली उतरवून काढण्याआधी, रीतसर परवानगी काढून, केंद्राचं साठा रजिस्टर मागा. हातमोज्यांची मागणी कधी गेली, माल कधी आला, मधले किती दिवस रकाना कोरा आहे, ते तारखेनुसार वहीत उतरवून घ्या. आणि मुलाखतीत भीतीचा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला असा विचारा: ‘ताई, मागच्या वेळी हातमोजे संपले होते, तेव्हा बाळंतपण कसं केलंत?’