हाताने लिहिलेला एक मार्ग

मागच्या वेळी आपण स्विचला आयपी पत्ता आणि मास्क कसा देतात ते पाहिलं. त्यानंतर येतो स्थिर मार्ग, म्हणजे स्टॅटिक रूट: अमुक पत्त्यांची पॅकेटं तमुक दिशेला पाठव, असं आपण हाताने लिहून ठेवतो. दोन मार्ग लागू पडले तर ज्याचा मास्क लांब, म्हणजे जो जास्त नेमका, तो जिंकतो. यंत्र शंका काढत बसत नाही.

आता २४ फेब्रुवारी २००८ कडे येऊ. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी हुकूम निघाला. अशा वेळी सोपा उपाय ठरलेला: त्या पत्त्यांचा मार्ग कुठेच न जाणाऱ्या दाराकडे वळवायचा. (हुकूम योग्य होता का, हा वाद वेगळा.) पण पाकिस्तान टेलिकॉमचा हा मार्ग देशाबाहेरही जाहीर झाला, आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो पुढे जगाला कळवला. आमच्या मते खरी चूक इथेच, न तपासता ऐकून घेण्यात.

यूट्यूब जाहीर करत होतं /२२, म्हणजे १०२४ पत्ते. पाकिस्तानचा मार्ग /२४, फक्त २५६ पत्त्यांचा. जास्त नेमका, म्हणून तोच जिंकला! जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब दिसेना.

एक तास वीस मिनिटांनी यूट्यूबनेही तोच /२४ जाहीर केला. बरोबरी झाली, सुटका नाही. आणखी अकरा मिनिटांनी त्यांनी त्याचे /२५ असे दोन तुकडे केले, पाकिस्तानपेक्षाही नेमके. पीसीसीडब्ल्यूने अखेर तो मार्ग मागे घेतला तेव्हा जागतिक वेळेनुसार रात्रीचे नऊ वाजून गेले होते.